पाखाडीतला एक शनिवार

साष्टी बेटाच्या गतकालाचा शोध घेऊ जाणाऱ्याच्या हाती प्रथम येतात ते तहनामे, सनदा आणि जमाबंदीचे कागद. 1534 सालच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने हे बेट कायमचे त्यांच्या अमलाखाली गेले, हा सारा तपशील दप्तरांत तारीखवार नमूद आहे. परंतु या अंमलदारांच्या येण्याजाण्यात मरोळ, आंबोली किंवा पोयसर येथील एखाद्या ख्रिस्ती घरातील गृहिणी सकाळपासून रात्रीपर्यंत काय करीत होती, याविषयी एकही कागद बोलत नाही. चर्चच्या नोंदवह्यांत तिचे नाव येते ते बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन प्रसंगी. मधल्या आयुष्याची पाने कोरी आहेत. त्या कोऱ्या पानांवरचा एक दिवस, झावळ्यांच्या रविवाराआधीचा (पाम संडेआधीचा) शनिवार, मी येथे मांडू पाहतो, कारण माझ्या मते साष्टीची धर्मग्रामे टिकून राहिली ती अशाच दिवसांच्या बळावर.

हा दिवस उपवासकाळाच्या अखेरीस येतो. भाताचे पीक कधीच घरात आलेले, खाचरे रिकामी पडलेली आणि उपवासकाळात लग्नकार्ये बंद, त्यामुळे पाखाडीतील, म्हणजे गावातल्या वस्तीतील, बायकांच्या हातांना सुईदोऱ्यासाठी सवड सापडते ती याच दिवसांत. वापरून मऊ झालेली चौकड्यांची नऊवारी लुगडी धुऊन वाळविलेली असतात. ओटीवर सतरंजी पसरून तिच्यावर ती एकावर एक अंथरावयाची, सुरकुती हाताच्या तळव्याने कडेपर्यंत नेऊन काढून टाकावयाची, विरलेल्या जागी चिंध्यांचे तुकडे लावावयाचे आणि मग दोघीतिघींनी समोरासमोर बसून कडेपासून आत, धावदोऱ्याच्या समांतर ओळी घालीत यावयाचे, असा हा क्रम. टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकाऊ, परंतु फार जवळ घातले तर ती ताठर होऊन अंगाला बिलगत नाही. हे तारतम्य डोळ्यांना नव्हे, बोटांना कळते, आणि ते सासूकडून सुनेकडे शब्दांवाचून जाते. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला सर्वांत जुने, सर्वांत धुतलेले लुगडे लागते. नवे कापड कितीही किमती असले तरी नाजूक कातडीला ते बोचते. गृहिणीच्या या ज्ञानाला शास्त्र म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीजाने खंबायतेच्या सुंदर रजयांची वाखाणणी करून ठेवली आहे, आणि पुढे बंगालमधील सातगावच्या कारागिरांनी टसर रेशमाने भरलेल्या, सॉलोमन राजाच्या न्यायदानाची व शिकारीची चित्रे मिरविणाऱ्या रजया पोर्तुगीज धनिकांसाठी जहाजांतून रवाना झाल्या. पोर्तुगीज त्यांना ‘कोल्चा’ म्हणत. त्यांतील काही आज लिस्बन व लंडन येथील संग्रहालयांत काचेआड सुरक्षित आहेत. साष्टीच्या घरातील गोधडीच्या वाट्याला असे जतन आले नाही, कारण ती विक्रीसाठी शिवलीच नव्हती. ती विरली की नव्या गोधडीचे आतले अस्तर होई, ती नवी विरली की तिच्यावर आणखी एक थर चढे, आणि अशा रीतीने आजेसासूचे लुगडे पणतूच्या पाठीखाली, कोणाच्याही दृष्टीस न पडता, येऊन पोहोचे. उत्तर कन्नडच्या रानात वस्ती असलेल्या सिद्दी स्त्रियांच्या गोधड्यांचीही घडण अशीच आहे. त्यांतील ख्रिस्ती स्त्रिया कधी क्रुसाच्या आकाराचे तुकडे जोडतात, आणि चारही कोपऱ्यांवर ‘फुले’ बसविल्यावाचून कोणतीही गोधडी पूर्ण झाली असे तेथे मानीत नाहीत.

ऊन चढले की सुई गुंडीवर टोचून ठेवावयाची आणि बाहेरच्या कामांना निघावयाचे. वर्षाच्या मसाल्याचे दिवस जवळ आलेले असतात. वीस-पंचवीस जिनसांचा तो मसाला उन्हात वाळवून, भाजून, लाकडी उखळात कांडून काळ्या बाटल्यांत ठासून भरला जाई, म्हणून त्याचे नावच ‘बाटलीचा मसाला’ पडले. त्यासाठी मिरच्या निवडून आणावयाच्या, कांडणाऱ्या बायकांना दिवस सांगावयाचा, गिरणीवरचे तांदळाचे पीठ घ्यावयाचे, मेणबत्त्या आणावयाच्या. या खेपांत तिच्या तोंडी येणारे बालदी, घमेले, चावी, फीत, पगार हे शब्द पोर्तुगीज अमलाने मागे ठेवले, आणि ते साऱ्या महाराष्ट्राने इतके आपलेसे केले की आज कोणाला त्यांचे मूळ आठवत नाही. तिचे बाकीचे सारे बोलणे मात्र मराठीच राहिले.

तिसऱ्या प्रहरी पाखाडीतील बायका देवळात जमतात. चर्चला ‘देऊळ’ म्हणण्याची रीत या समाजात जुनी आहे. फरशी झाडून धुणे, समया व मेणबत्त्यांची घरे घासणे, वेदीवरची पांढरी वस्त्रे खळ देऊन इस्त्री करणे, फाटलेल्या काठाला टाका घालणे, आणि उद्यासाठी झावळ्यांच्या पाती सोलून त्यांचे लहान क्रूस विणणे, ही कामे कोणी हुकूम देऊन करवून घेत नाही, आणि त्यांचा मोबदलाही कोणी मागत नाही. परंतु बोरिवलीच्या मंडपेश्वरात शैव लेण्याचे चर्च करणाऱ्या, तेथे मठ व विद्यालय उभारणाऱ्या आंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन साधूच्या पंथाची सत्ता सरली, मराठी अमलात त्या लेण्यात पुन्हा शिवपूजा सुरू झाली, युरोपीय धर्मगुरूंना मुलूख सोडावा लागला आणि मोजक्या देशी पाद्र्यांवर साऱ्या बेटाचा भार पडला, तेव्हा ही वेदी कोणी झाडली असेल, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. लेण्याचे चर्च करणे हा अन्याय होता, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या अन्यायाची जबाबदारी मात्र झाडू हाती घेणाऱ्या त्या बाईच्या माथी येत नाही.

देवळांवर अशी संकटे पुढेही आली. अंधेरीजवळच्या कोंदिता गावी जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेले संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च 1840 च्या साथीत सोडून द्यावे लागले. लोक मरोळला आले आणि जुन्या देवळातील मूर्ती, स्तंभ व बाप्तिस्म्याचे पात्र तेथील नव्या देवळासाठी घेऊन आले. पुढे 1896 मध्ये प्लेग आला. त्या वर्षांची साले कोरलेले क्रूस आजही अनेक गावठाणांच्या तोंडाशी उभे आहेत, आणि मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यापुढे माळेची प्रार्थना होते. उपवासकाळाच्या रात्री गायिल्या जाणाऱ्या ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या पुराणाची परंपराही या भागात दीर्घकाळ चालली. फ्रान्सिस्को वाझ द गिमरांईस याने येथील मराठी बोलीत रचलेले ते पुराण 1659 मध्ये लिस्बनला छापले गेले होते. म्हणजे थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर 43 वर्षांनी.

1887 मध्ये या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून आपली संस्था स्थापिली; गोवा व मंगळूर येथून मुंबईस नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपण या भूमीचे मूळ रहिवासी आहोत, हे सरकारदरबारी ठसविणे हा त्यामागील हेतू होता. परंतु भूमी हातची निसटतच गेली. 1920 मध्ये उपनगर जिल्हा निर्माण झाला, 1950 मध्ये अंधेरी व घाटकोपर आणि 1957 मध्ये बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत आले. खाचरांवर कारखाने व इमारती उभ्या राहिल्या, आणि लुगड्याची जागा झग्याने व गोल साडीने घेतली. कृत्रिम धाग्याच्या साडीवर टाका बसतो, पण ती घाम टिपत नाही, म्हणून गोधडी शिवणाऱ्या म्हाताऱ्या आता शेजारणींकडे जुने सुती कापड मागतात.

कोंदिताच्या देवळाचे भग्नावशेष आज सीप्झ या निर्यात-उद्योग क्षेत्राच्या कुंपणात आहेत. एरवी पहारेकऱ्याच्या परवानगीवाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र फाटक उघडते, मरोळची माणसे आत येतात आणि छप्पर नसलेल्या भिंतींच्या मध्ये मिस्सा होते. वेदीसाठी मांडलेल्या टेबलावर पांढरे वस्त्र अंथरलेले असते, आणि ते आदल्या दिवशी कोणीतरी घरी धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून आणलेले असते.