पचमढी कोणी 'शोधली'?

गेल्या डिसेंबरात चार दिवसांची रजा जोडून आम्ही पचमढीला गेलो. इंदूरहून रात्रीची जबलपूरकडची गाडी, सकाळी पिपरिया आणि तिथून घाटाने वर. बरोबर पत्नी, मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. जिप्सीवाल्याने पहिल्याच वळणावर पाठ केलेले वाक्य म्हटले, "साहब, पचमढी १८५७ में कैप्टन फोर्सिथ ने खोजी." आई मागून म्हणाली, "माझे आजोबा नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन वरुडहून पायी इथे यायचे. त्यांचेही वाडवडील यायचे. त्यांना काय साहेबाने वाट दाखवली?"

आम्ही हसलो, पण प्रश्न मनात राहिला. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षण डिप्लोमाचे, नोकरी सरकारी. तरी घरी आल्यावर जुनी पुस्तके चाळली आणि आईचेच म्हणणे खरे निघाले.

फोर्सिथच्या चाळीस वर्षे आधी याच महादेवाच्या डोंगरांत नागपूरचे आप्पासाहेब भोसले लपले होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरल्यावर पुढे इंग्रजांनी त्यांना कैद केले. अलाहाबादकडे नेत असताना मे १८१८ मध्ये शिपायाच्या वेषात ते पहाऱ्यातून निसटले. त्यांना आसरा दिला तो इथल्या गोंडांनी. जुलैत बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. राजाला पकडून देणाऱ्यास बक्षीस होते, तरी डोंगरातून तो कोणी दिला नाही. १८१९ च्या सुरुवातीस आप्पासाहेब असीरगडाकडे गेले. सोबतचा चितू पेंढारी पुढे जंगलात वाघाच्या तोंडी पडला. आप्पासाहेब पंजाबात व शेवटी जोधपूरला पोहोचले. तिथेच १८४० मध्ये त्यांचा अंत झाला.

१८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला उतरले, तेही याच भागातून. त्यांना साथ देणारे हर्राकोटचे राजा भभूतसिंह इथलेच. २०२५ मध्ये पचमढी अभयारण्याला त्यांचे नाव देण्याचे आपल्या राज्य शासनाने जाहीर केले.

मग फोर्सिथने केले काय? त्याचे श्रेय नाकारू नये. १८६२ मध्ये त्याने इथे 'बायसन लॉज' बांधला, जंगलांची पाहणी केली. १८६५ मध्ये जवळचे बोरी हे राखीव जंगल झाले आणि पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी बनली. पण १८७१ च्या त्याच्या पुस्तकातच गोंड-कोरकूंचे आणि महादेवाच्या जत्रेचे वर्णन आहे. म्हणजे त्याने जागा शोधली नाही, सरकारी कागदावर आणली. आम्ही कागदावाले लोक हा फरक नेहमी विसरतो.

तुम्ही गेलात तर धूपगडचा सूर्यास्त चुकवू नका. १३५२ मीटरचे हे राज्यातले सर्वांत उंच शिखर. मुलांना शैलचित्रे दाखवा. डोंगरात माणूस किती जुना आहे ते त्यांना आपोआप कळते. आणि पायांत बळ असेल तर चौरागड चढाच. तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नागपंचमीला नागद्वारीची यात्रा भरते, तेव्हा विदर्भातून माणसांचे लोंढे येतात आणि डोंगरात मराठीच जास्त ऐकू येते.

आईला गुडघ्यांमुळे वर येता आले नाही. ती खाली दगडावर बसली आणि दुकानातून एक लहान त्रिशूळ घेऊन नातवाच्या हाती दिला. वर पोहोचलो तर देवळाभोवती त्रिशूळांचे ढीग, काही माणसापेक्षा उंच, काही गंजलेले. मुलाने आपला त्रिशूळ त्यांतच टेकवला आणि विचारले, "बाबा, यात पणजोबांच्या बाबांचा कुठला असेल?"

उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण पचमढी कोणी शोधली, हे त्याने आता कोणाला विचारायची गरज उरली नाही.