वऱ्हाडातील हुतुतू : मैदानापासून विद्यापीठापर्यंत

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा इतिहास तारखांवर उभा आहे. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या महाविद्यालयांमधील पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी, तर रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातील पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, आणि रटगर्सने तो ६-४ असा जिंकल्याचे तेथील क्रीडारसिक आजही अभिमानाने सांगतात. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी परिसरासह सगळ्या वऱ्हाडात खेळल्या गेलेल्या हुतुतूला, म्हणजेच कबड्डीला, असा पहिला दिवस नाही. येथे खेळ आधी रुजला आणि नियम फार उशिरा लिहिले गेले.

नियम लिहिण्याची गरज होती, कारण हुतुतू हा एकच खेळ नव्हता. 'संजीवनी' प्रकारात प्रतिस्पर्धी संघाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येई. 'गामिनी'त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. आणि 'अमर'मध्ये गडी बाद झाला तरी बाहेर न जाता खेळत राही, फक्त प्रतिपक्षाच्या नावे गुण मांडला जाई. बडोद्यात १९२३ साली नियमांना छापील रूप मिळाले आणि त्याच नगरीत अखिल भारतीय सामनेही झाले. पुढे संजीवनी हीच प्रमाण पद्धत ठरली. बाद गड्याला परतीची वाट ठेवणारा प्रकार टिकला, ही निवड योग्यच म्हटली पाहिजे, कारण त्यामुळे पिछाडीवरच्या संघाची आशा शेवटच्या चढाईपर्यंत जिवंत राहते.

वऱ्हाडात या घडामोडीचे केंद्र अमरावती होते. तेथे १९१४ साली आखाडा म्हणून सुरू झालेल्या संस्थेचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, तिच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, आणि त्याहून मोलाचे म्हणजे तिने शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवले. गावोगावच्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून लिखित नियमांनी सामना खेळवणारा माणूस हाच या इतिहासाचा खरा वाहक आहे, आणि इतिहासलेखनात त्याला अजून पुरेसा मान मिळालेला नाही.

महाविद्यालयांची साखळी त्यानंतर जोडली गेली. यवतमाळ जिल्हा १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता, तो १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाकडे आला. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत चमकलेला घाटंजीचा खेळाडू अमरावतीच्या संघात निवडला जाऊ शकतो, आणि तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धा गाठू शकतो. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला व भारताने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा या साखळीला वरची कडी मिळाली. आडव्या पाट्या आणि मधली उभी सूरपाटी ओलांडत खेळायच्या आट्यापाट्यांना, त्यांचा महासंघ १९८२ पासून असूनही, हे भाग्य लाभलेले नाही.