एकसष्टाचें कोडें

एका पूर्ण संख्येचा वर्ग करावा, त्यास ६१ नें गुणावें, गुणाकारांत १ मिळवावा; येणारी संख्या पुन्हां पूर्ण वर्ग असावी. शून्य सोडून अशी संख्या कोणती? प्रश्न शाळेंतील मुलानें हातीं घ्यावा इतका साधा दिसतो. शेजारच्या ६० ला ४ पुरतात: १६ ची साठपट ९६०, त्यांत १ मिळवितांच ३१ चा वर्ग. ६२ चें काम ८ नें भागतें. मधल्या ६१ चें सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि त्यावरून येणारें वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९!

फ्रान्समधील फेर्मा यानें १६५७ सालीं हेंच उदाहरण फ्रेनिक्लला घातलें. फार श्रम पडूं नयेत म्हणून लहान संख्या निवडल्याची मखलाशीहि त्यानें केली. ६१ चा स्वभाव तो पुरता ओळखून असला पाहिजे. इंग्लंडांत लॉर्ड ब्रौंकर यानें रीत काढली. पुढें ऑयलरनें नजरचुकीनें श्रेय पेलला दिलें, आणि समीकरण अद्यापि पेलच्याच नांवानें चालतें.

भास्कराचार्यांनीं तर हें उदाहरण ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितांत सोडवून ठेविलें होतें. ६१ मध्यें ३ मिळविले कीं ८ चा वर्ग होतो, येथून आरंभ. चक्रवालाचा एकच फेरा दिला कीं ५ व ३९ ही जोडी येते. ३९ चा वर्ग २५ च्या एकसष्टपटीहून अवघ्या ४ नें उणा. पुढें ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे जुन्या जोड्यांच्या गुणाकारांतून नवी जोडी काढण्याची युक्ति, ३,८०५ व २९,७१८ येथें आणते. आतां उणीव १ चीच. २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवावा. अब्जाचा आंकडा पुढें उभा राहतो. खरा पराक्रम आंकड्याच्या लांबीपेक्षां पायऱ्यांच्या अल्पतेंत आहे.

या उदाहरणावरून युरोपावर पांच शतकांची सरशी सांगण्याची आपल्या सुशिक्षितांस मोठी हौस. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. चक्रवाल भास्कराचार्यांच्या आधींचें. उदयदिवाकराच्या १०७३ सालच्या टीकेंत तें जयदेव नांवाच्या गणित्याकडे जातें, आणि तो भाग कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ सालीं उजेडांत आणला. शिवाय रीत चालवून दाखविणें निराळें, ती कधींच अडत नाहीं हें सिद्ध करणें निराळें. पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येस असें उत्तर असतेंच, ही सिद्धता लाग्रांजनें १७६८ च्या सुमारास दिली. चक्रवालाची सिद्धता ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांची, १९२९ च्या सुमाराची. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं.

त्यांच्या घराण्यानें जतन केलें तें अध्यापन. चाळीसगांवाजवळ पाटण येथें त्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रसिद्धीस आणला. मठास लावून दिलेलीं उत्पन्नें त्यांत मराठींत नोंदविलेलीं आहेत.