ज्योतीविना तापलेली तार

बर्फाळ प्रदेशात नायट्रो इंधनावरची रिमोटची मोटार चालवायची, तर आधी तिच्या इंजिनाला शेक द्यावा लागतो. केस वाळवायचा ड्रायर इंजिनावर धरतात, मग माथ्यावरच्या थंडाव्याच्या पंखांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतात. हा खटाटोप असतो इंजिनातलं इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगमधल्या तारेसाठी. बोटाच्या पेराएवढाही नसलेला हा प्लग. त्याच्या पोटात प्लॅटिनमच्या मिश्रधातूचे चारदोन वेढे.

या तारेचं कूळ शोधत गेलं की आपण इंग्लंडच्या कोळसाखाणींत पोचतो. १८१२ साली फेलिंगच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं गेली. दिव्याच्या उघड्या ज्योतीने खाणीतला वायू पेटे. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये सुरक्षित दिवा केला आणि तो तिथेच थांबला नाही. १८१७ मध्ये त्याला दिसलं, की ज्वलनशील वायू आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली, तर ज्योत नसतानाही ती लालबुंद राहते. मद्यार्काच्या वाफेतही तेच. वाफ आणि प्राणवायूचा संयोग तारेच्या पृष्ठभागावर होतो, त्याच उष्णतेवर तार तापलेली राहते आणि स्वतः मात्र जळत नाही. दिवा विझला तरी अंधारात खाणकामगाराला या तारेचा उजेड मिळावा, हे डेव्हीच्या मनात होतं. केवढी मायेची कल्पना!

पुढे १८२३ मध्ये जर्मनीत येना इथे डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञाने स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजन सोडून तो पेटवून दाखवला. काडेपेटी यायची होती तेव्हा.

मोटारीआधी ही तार विमानात बसली. हौसेने उडवायच्या छोट्या नमुना विमानांच्या इंजिनांना ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असा संसार वाहावा लागे, आणि तिथे तर ग्रॅम न् ग्रॅम मोलाचा. १९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डनने ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे ओझं उतरलं. दीड व्होल्टचा सेल लावून तार तापवायची, इंजिन चालू झालं की सेल काढून घ्यायचा. पुढे इंधनातल्या मिथेनॉलची वाफ, दाबाची उष्णता आणि आधीच्या स्फोटाची धग तारेला सांभाळतात. नायट्रोमिथेन जोर वाढवतं. वंगणाला एरंडेल.

थंडी नेमकी या धगीवर घाला घालते. साधारण ११ अंशांखाली मिथेनॉलची पेटण्याजोगी वाफ धरत नाही, आणि जी होते तीही होताना भोवतालची उष्णता ओढून घेते. शिवाय गार हवा दाट. तिच्यात प्राणवायू जास्त, म्हणून सुई उघडून इंधन वाढवावं लागतं. इंधन वाढलं की इंजिन आणखी गारठतं आणि तार मंदावते. एरंडेलही घट्ट होतं. पिस्टन ज्यात वरखाली होतो ती पितळी नळी वरच्या टोकाला निमुळती ठेवलेली असते. ती तापून फुलली नाही, तर पिस्टन तिथे आवळून धरला जातो. तशातच इंजिन सुरू करायची दोरी ओढून तो हलवला, तर झिजतो.

म्हणून फॉइल. फेरी मारून मोटार परत आली, की माथ्यावर पाण्याचा थेंब सोडतात. तो नुसता बसून राहिला, तर फॉइलचा आणखी एक वेढा. दोनतीन सेकंदांत चुरचुरत उडाला, तर मोटार पुन्हा बर्फात.