पेशवे दफ्तर

मराठी राज्याच्या मध्यवर्ती कारभारात निर्माण झालेल्या व पुणे येथे जतन करण्यात आलेल्या कागदपत्रांचा संग्रह. पेशवाईत यास ‘हुजूर दफ्तर’ म्हणत. इंग्रजी अमदानीत तो ‘एलिएनेशन ऑफिस’ या कचेरीच्या ताब्यात होता आणि आता तो महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाच्या अखत्यारीतील पुणे पुराभिलेखागारात आहे. संग्रहात सुमारे ३५ हजार रुमाल असून त्यांपैकी २७ हजारांहून अधिक मराठी (मोडी) व सुमारे साडेसात हजार इंग्रजी कागदांचे आहेत. काही थोडे फार्सी, गुजराती व कन्नड भाषांतील आहेत.

‘दफ्तर’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला. कागदांचा गठ्ठा आणि असे गठ्ठे जेथे राखले जातात ती कचेरी, असे दोन्ही अर्थ त्यास प्राप्त झाले. मोडी कागद चौकोनी कापडात बांधून ठेवण्याची रीत होती. त्या कापडास व त्यात बांधलेल्या गठ्ठ्यासही ‘रुमाल’ म्हणतात. एका रुमालात पुष्कळदा हजाराहून अधिक कागद असतात. त्यामुळे हवा तो कागद हाती येणे हे सर्वस्वी मांडणीवर अवलंबून असे.

हुजूर दफ्तराची रचना : दफ्तराचे चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर असे दोन प्रमुख विभाग होते. चालते दफ्तर फडणीसाच्या देखरेखीखाली असून त्याच्या फड, बेहडा, सरंजाम इ. शाखा होत्या. हुकूम व सनदा फडातून निघत आणि आलेले हिशेबही प्रथम फडातच दाखल होत. फडाच्या माहितीवरून बेहडा शाखेत महालांच्या जमाखर्चाचे वार्षिक अंदाज तयार होत. सरंजामी शाखेत सरदारांना तोडून दिलेल्या मुलखाचे हिशेब असत. एकबेरीज दफ्तर नेहमी पुण्यातच राही. सर्व खात्यांचे हिशेब तेथे एकत्र करून त्यांची वर्गवारी होई आणि जमा, खर्च व शिल्लक दर्शविणारा गोषवारा तयार केला जाई. त्यास ‘तर्जुमा’ म्हणत. दफ्तराच्या भरभराटीच्या काळात तेथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत.

नोंदींची पद्धत : दफ्तराचा पाया रोजकीर्द हा होता. दिवसभरात झालेली जमा, खर्च, दिलेली सनद, केलेली नेमणूक वा माफी यांची नोंद त्या त्या तारखेखाली रोजकीर्दीत होई. या नोंदी नंतर प्रांतवार व बाबवार वेगळ्या पाडून ‘घडणी’ करीत. त्यांवरून खतावणी व अखेरीस वर्षाचा ताळेबंद तयार होई. अशा रीतीने एकच व्यवहार निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या क्रमाने नोंदला जाई. तारीख ठाऊक असल्यास रोजकीर्दीतून आणि प्रांत वा बाब ठाऊक असल्यास घडणीतून त्याचा माग काढता येत असे. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीने पडताळता येणे, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. कागदांवर आढळणारे ‘रुजू’, ‘मोर्तब सूद’ यांसारखे शेरे कागद तपासला गेल्याची वा त्यावर मोहोर झाल्याची खूण म्हणून असत.

कालगणना सामान्यतः सुहूर सनाची असे. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होते. वर्षाचा अंक अरबी संख्यावाचक शब्दांनी आणि तारीख मुसलमानी चांद्रमासाने देतात. सुहूर सनात ५९९ किंवा, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी, ६०० मिळविले असता इसवी सन येतो. ही गणना व मोडी अक्षर अवगत असल्याशिवाय दफ्तरातील एकही कागद योग्य जागी लावता येत नाही.

मूळ गावापासून हुजुरापर्यंत हिशेबांची एक साखळी होती. गावचे दफ्तर कुलकर्ण्याकडे व परगण्याचे देशपांड्याकडे असे. मामलेदाराने पाठविलेले हिशेब दरकदारांच्या नजरेखालून गेलेले असत आणि पुण्यास त्यांची बेहड्याशी तुलना होई. मामलेदाराने रक्कम दडविल्यास ती या तुलनेत उघडकीस येण्याचा संभव असे. दफ्तराची शिस्त ही केवळ टापटिपीची बाब नसून राज्याच्या वसुलावरील नियंत्रणाचे ते प्रमुख साधन होते. नाना फडणीसाच्या काळी ही शिस्त विशेष कसोशीने पाळली गेली.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) महाल मक्त्याने देण्याची प्रथा वाढली. मक्तेदाराकडून ठरीव रक्कम मिळाली की, तपशीलवार हिशेबांची निकड उरत नसे. साहजिकच दफ्तराकडे दुर्लक्ष झाले. त्या काळात कागद हाताळण्यास वाटेल त्यास मोकळीक मिळत असे, असे पेशवाईच्या अस्तानंतर दफ्तराची व्यवस्था पाहणाऱ्या मॅक्लाउड या इंग्रज अधिकाऱ्याच्या वर्णनावरून दिसते. पुढे ज्या उणिवा जाणवल्या, त्यांपैकी काहींचे मूळ या काळात आहे.

इंग्रजी अंमल व इनाम कमिशन : नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या ताब्यात आले. मुलखाची व्यवस्था लावण्यासाठी मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यास दफ्तराची गरज होती. कोणाची जमीन सारामाफीची, कोणास वर्षासन चालते, कोणता सरंजाम वंशपरंपरेचा, या प्रश्नांची उत्तरे त्याच कागदांत होती. पुढे सातारच्या छत्रपतींचे शाहू दफ्तर, कुलाब्याचे आंग्रे दफ्तर व ठिकठिकाणांहून जमविलेले इतर कागदही पुण्यास आणण्यात आले.

इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर अधिकार मिळाले आणि दफ्तराला पूर्वी नसलेले एक स्वरूप आले. सरकारने नेमलेले अधिकारी इनामदारास आपला हक्क शाबीत करावयास सांगत आणि सनद पुढे आल्यास ती दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहत. बनावट सनदा उघडकीस आणण्याच्या दृष्टीने ही कसोटी उपयुक्त होती. तसेच सनद जळाली वा गहाळ झाली असता केवळ रोजकीर्दीतील नोंदीवरून हक्क सिद्ध होण्याचीही शक्यता होती. तथापि या कसोटीत एक मूलभूत दोष होता. नोंद सापडली नाही, याचे कारण दान झालेच नाही हे असेल, किंवा कागद नष्ट झाला अथवा भलत्या रुमालात गेला हेही असू शकेल. दफ्तर पूर्ण नसताना नोंदीचा अभाव हा पुरावा ठरत नाही. शिवाय शोध घेण्याचे साधन सरकारच्या हाती आणि सिद्धतेचा भार इनामदाराच्या शिरावर, अशी स्थिती होती. कमिशनच्या कामात सुमारे वीस हजार इनामे जप्त झाली, असा आकडा १८५७ च्या उठावावरील ग्रंथांतून दिला जातो; दक्षिण महाराष्ट्रातील असंतोषाचे ते एक कारण मानतात. पुढे १८६३ च्या कायद्यांनी ठरीव आकारणी देऊन इनाम कायम करून घेण्याची सोय झाली व हा प्रश्न बराच निवळला. कमिशनने हाताळलेले कागद एलिएनेशन ऑफिसकडे राहिले. त्यांसाठी पुण्यात बांधलेली स्वतंत्र दगडी इमारत १८९१ च्या सुमारास पूर्ण झाली.

इतिहाससंशोधन : मालकी हक्कांचे पुरावे असल्यामुळे सरकार हा संग्रह दीर्घकाळ गोपनीय मानीत असे व स्वतंत्र संशोधकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून उतारे निवडले. ते डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने १९०२ पासून नऊ खंडांत प्रसिद्ध केले. या उताऱ्यांवर महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये लिहिलेल्या प्रबंधाने राजकीय घडामोडींपलीकडे कारभार, न्याय, कर व समाजस्थिती यांच्या अभ्यासास दफ्तर किती उपयोगी आहे, हे दाखवून दिले.

जदुनाथ सरकार प्रभृतींच्या आग्रहामुळे मुंबई सरकारने दफ्तराच्या पद्धतशीर पाहणीचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपविले. कृ. पां. कुलकर्णी, य. न. केळकर इत्यादींच्या साहाय्याने त्यांनी रुमाल तपासून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये दफ्तराची इंग्रजी मार्गदर्शिकाही तयार केली. पुढे पु. म. जोशी यांच्या संपादनाखाली नव्या मालेचे खंड निघाले. सरदेसाई यांची निवड प्रामुख्याने राजकीय पत्रव्यवहाराकडे झुकलेली आहे. त्यामुळे छापील खंड म्हणजे दफ्तर नव्हे, हे अभ्यासकाने ध्यानी घेणे आवश्यक आहे. घडणी, प्रांत आजमास, पागा, पथके, जमाव इ. विभागांतील फार मोठा भाग अप्रकाशित असून पिके, भाव, वेतन, जकात, जातपंचायती व न्यायनिवाडे यांची माहिती मुख्यतः तेथेच मिळते.

महत्त्व व अडचणी : संग्रहातील मांडणीत तीन थर मिसळले आहेत : पेशवाईतील हिशेबी क्रम, इनाम कमिशनच्या सोयीने झालेली विभागणी आणि संशोधकांनी विषयवार केलेली निवड. एखादा कागद आज ज्या रुमालात आहे, तेथे तो मुळात होताच असे नाही. आणि मूळ जागा हरवली की, तो कोणी, कोणत्या कामासाठी लिहिला हे सांगणारा अर्धा पुरावा हरवतो. म्हणूनच सूची करताना कागदाचा आशय टिपण्याइतकेच तो कोणत्या शाखेतून आला हे टिपणे महत्त्वाचे ठरते. विसाव्या शतकात मोडीचा व्यवहारातील वापर बंद पडल्याने वाचकांचा तुटवडा निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून पुराभिलेख खात्यातर्फे मोडी प्रशिक्षण वर्ग भरविण्यात आले. अंकीय प्रतींमुळे जीर्ण कागदांची हाताळणी कमी होऊ शकते. तथापि मोडी वाचून केलेली विश्वसनीय सूची नसल्यास प्रत काढलेला कागदही बांधलेल्या रुमालातील कागदाइतकाच दुर्लभ राहतो.