झऱ्याचे पाणी आणि विलायती पाणी

काशीहून आणावयाच्या गंगेच्या गडूचे तोंड झाळून घेण्याची आपल्याकडे चाल होती. पाण्याची योग्यता ते कोठले यावरून ठरावयाची, आणि ते उगमापासून न पालटता घरच्या देवापर्यंत पोचावे, एवढाच त्यातील हेतू.

युरोपातील खनिज जलाची कल्पनाही मुळात हीच होय. जर्मनीतील सेल्टर्स येथील झऱ्याचे फसफसणारे पाणी अठराव्या शतकात मातीच्या पक्क्या बुधल्यांत भरून दूरदूर जात असे. लोक ते तहानेपेक्षा औषध म्हणूनच अधिक पीत. खडकांतून झिरपताना क्षार त्यात विरघळत, भूगर्भातील कर्बवायू मिसळे. चहा, सरबत, मद्य ही माणसाच्या हातची करणी. हे पेय भूमीने सिद्ध केलेले.

पुढे माणसाने झऱ्याचीच नक्कल केली. १७६७ साली जोसेफ प्रीस्टले लीड्स येथे मद्याच्या भट्टीशेजारी राहावयास गेला. आंबणाऱ्या द्रवावर साचणारा वायू त्याने पाण्यात मिसळून पाहिला व १७७२ मध्ये ती कृती छापून सर्वांस खुली केली. खलाशांच्या स्कर्व्हीवर हे पाणी उतारा ठरेल ही त्याची आशा फोल ठरली. पैसा त्याने मिळविला नाही. १७८३ साली जिनीव्हात धंदा मांडला तो याकोब श्वेपने!

हिंदुस्थानात हे सोडावॉटर 'विलायती पाणी' झाले. हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली गोटीची बाटली आपल्या जत्रांतून आजही दिसते. परंतु पेयाचा उगम विचारण्याची आपली जुनी दृष्टी मात्र हरपली होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य माजले, ते चहा कोणाच्या हातचा यावरून. आमच्या शास्त्रार्थाची शक्ती अशा ठिकाणी खर्ची पडली, हे खेदाने म्हणावे लागते.

उगमाचा प्रश्न पुन्हा विचारला तो कायद्याने. भारतीय मानकांत नैसर्गिक खनिज जल (क्रमांक १३४२८) व बाटलीबंद पेयजल (क्रमांक १४५४३) या दोन निराळ्या जाती आहेत. दुसऱ्यात कोणतेही पाणी गाळून, शुद्ध करून, क्षार काढून वा घालूनही भरता येते. पहिल्याच्या मूळ घटकांस धक्का लावण्याची मुभा नाही. दुकानदार दोहोंसही 'मिनरल वॉटर'च म्हणतो. वेष्टन मात्र वाचावे: खऱ्या खनिज जलावर उगमाचे नाव व ठिकाण लिहिलेले असते.