जुन्या गृहसंगणकांतील विदा-वहन

जुन्या गृहसंगणकांतील विदा-वहन म्हणजे साधारणपणे १९७७ ते १९९० या काळात घरांत व शाळांत वापरल्या गेलेल्या छोट्या संगणकांमध्ये कॅसेट, फ्लॉपी आणि ध्वनिवर्धक यांच्याशी विदेची देवघेव करण्याच्या पद्धती होत. या संगणकांत बहुधा एकच प्रोसेसर असे आणि त्याचा वेग एक ते चार मेगाहर्ट्‌झ इतकाच असे. त्यामुळे कोणते काम प्रोसेसरने स्वतः करायचे आणि कोणते स्वतंत्र चिपवर सोपवायचे, या निवडीवर संगणकाची किंमत, त्याचा वेग आणि त्याचा आवाज या तिन्ही गोष्टी अवलंबून असत. महाराष्ट्रात या पद्धतींचा परिचय मुख्यतः झेडएक्स स्पेक्ट्रम व बीबीसी मायक्रो या दोन ब्रिटिश संगणकांच्या भारतीय आवृत्त्यांमुळे झाला.

भारतातील आगमन

झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. त्याची सुधारित कळफलक असलेली आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, १९८४ मध्ये आली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. हा संगणक घरच्या दूरचित्रवाणी संचाला आणि साध्या टेपरेकॉर्डरला जोडता येत असे. वेगळे साठवणयंत्र विकत घ्यावे न लागणे, हा त्याचा मोठा गुण होता.

बीबीसी मायक्रो हा एकॉर्न कंपनीचा संगणक १९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी त्याची निवड झाली. प्रारंभी सुमारे २५० शाळा या प्रकल्पात होत्या. पंजाबातील मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने याच संगणकाची भारतीय आवृत्ती तयार केली. स्पेक्ट्रम व बीबीसी मायक्रो एकाच काळातले असले, तरी विदा-वहनाच्या बाबतीत त्यांची रचना जवळजवळ परस्परविरुद्ध होती.

कॅसेटवरील विदा

ध्वनिमुद्रणाची कॅसेट केवळ ऐकू येणारा आवाज साठवू शकते. म्हणून शून्य व एक या दोन अंकांचे रूपांतर दोन वेगवेगळ्या आवाजांत करावे लागते. कॅसेट वाजवली असता येणारी कर्कश किरकिर ही प्रत्यक्ष विदाच असते.

स्पेक्ट्रममध्ये हे रूपांतर संपूर्णपणे प्रोसेसर करतो. त्याचे घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देते. शून्य लिहिण्यासाठी प्रत्येकी ८५५ ठोक्यांचे दोन स्पंद, तर एक लिहिण्यासाठी प्रत्येकी १,७१० ठोक्यांचे दोन स्पंद पाठवले जातात. वाचताना प्रोसेसर एका ठरावीक फेऱ्यात फिरत राहतो, आवाजाची पातळी केव्हा बदलली हे पाहतो आणि दोन बदलांमधील काळ मोजून अंक ओळखतो. शून्याला एकाच्या निम्माच वेळ लागत असल्याने वेग विदेवर अवलंबून असतो. सरासरीने तो सेकंदाला सुमारे १,४०० बिट इतका भरतो. ६,९१२ बाइटांचे एक पडदाभर चित्र येण्यास साधारण ४० सेकंद लागतात.

प्रत्येक नोंदीच्या आधी एक सलग सूर असतो. त्याची वारंवारता सुमारे ८०७ हर्ट्‌झ असून तो शीर्षकखंडापूर्वी पाच सेकंद आणि विदाखंडापूर्वी दोन सेकंद वाजतो. टेपची गती स्थिरावणे व संगणकाने नोंदीचा आरंभ ओळखणे, हा त्याचा हेतू होय. या काळात पडद्याच्या कडेला तांबडे व आकाशी पट्टे दिसतात. विदा येऊ लागली की त्यांची जागा निळे व पिवळे पट्टे घेतात. १७ बाइटांच्या शीर्षकखंडात नोंदीचा प्रकार, दहा अक्षरांचे नाव आणि लांबी दिलेली असते. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक पडताळा-बाइट असतो. तो जुळला नाही तर ‘आर टेप लोडिंग एरर’ हा संदेश येतो आणि संपूर्ण खंड पुन्हा वाचावा लागतो. चार मिनिटे चाललेले वाचन शेवटच्या एका बिटामुळे वाया जाणे शक्य होते. आवाजाची पातळी कमी-अधिक असणे किंवा टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरके असणे, ही या त्रुटीची नेहमीची कारणे होती.

बीबीसी मायक्रोमध्ये कॅसेटचे काम स्वतंत्र चिप करतात. १,२०० हर्ट्‌झचे एक आवर्तन म्हणजे शून्य आणि २,४०० हर्ट्‌झची दोन आवर्तने म्हणजे एक, असा संकेत असल्याने दोन्ही अंकांना सारखाच वेळ लागतो. प्रत्येक बाइटासोबत आरंभ व समाप्तीचे दोन जादा बिट जातात. म्हणून १,२०० बिट वेगाने सेकंदाला १२० बाइट वाचले जातात. विदा कमाल २५६ बाइटांच्या खंडांत विभागलेली असून प्रत्येक खंडाची पडताळणी स्वतंत्रपणे होते. त्रुटी आढळल्यास टेप थोडी मागे घेऊन तोच खंड पुन्हा वाचता येतो. स्पेक्ट्रमच्या तुलनेत ही पद्धत सावकाश, परंतु अधिक विश्वासार्ह ठरली.

फ्लॉपीवरील विदा

फ्लॉपी मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. हेडखालून जाणारा बाइट वेळेत उचलला नाही तर तो हुकतो व चकतीच्या पुढील फेऱ्याची वाट पाहावी लागते. बीबीसी मायक्रोच्या मूळ रचनेत इंटेल ८२७१ ही चिप फ्लॉपीचे नियंत्रण करते. दर ६४ मायक्रोसेकंदांनी एक बाइट तयार होतो. तो उचलण्यासाठी चिप प्रोसेसरला टाळता न येणारा व्यत्यय-संकेत देते. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, बाइट स्मृतीत ठेवतो आणि पूर्वीच्या कामाकडे परततो. एवढ्या अवधीत त्याला घड्याळाचे केवळ १२८ ठोके मिळतात. एका मार्गिकेवर २५६ बाइटांचे दहा विभाग असतात. त्यामुळे ४० मार्गिकांच्या चकतीच्या एका बाजूवर १०० किलोबाइट मावतात.

इतर संगणकांनी वेगळे मार्ग निवडले. ॲपल टू संगणकासाठी स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी रचलेल्या व १९७८ मध्ये आलेल्या डिस्क टू या फ्लॉपीयंत्रात नियंत्रक चिप जवळजवळ नव्हतीच. सुमारे ३२ मायक्रोसेकंदांनी येणारा प्रत्येक संकेत प्रोसेसर स्वतः वाचत असे आणि हेड सरकवण्याचे कामही आज्ञावलीच करीत असे. कमोडोर ६४ च्या १५४१ या फ्लॉपीयंत्रात याउलट स्वतंत्र प्रोसेसर व दोन किलोबाइट स्मृती होती. तरीही संगणक व यंत्र यांना जोडणाऱ्या तारेवरून एकेक बिट आज्ञावलीद्वारे पाठवावा लागे आणि पडद्यावरील चित्रासाठी प्रोसेसरला वरचेवर थांबावे लागे. परिणामी प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे ४०० बाइटांवरच राहिला. ४० किलोबाइटांची आज्ञावली येण्यास दीड मिनिटाहून अधिक काळ लागे.

ध्वनिनिर्मिती

स्पेक्ट्रममध्ये ध्वनिवर्धक व कॅसेट यांचे बाहेर जाणारे संकेत एकाच द्वारातून, म्हणजे द्वार क्रमांक २५४ मधून जातात. त्याच द्वाराचे तीन बिट पडद्याच्या कडेचा रंग ठरवतात. मध्य सप्तकाच्या आरंभीचा सुमारे २६२ हर्ट्‌झचा स्वर वाजवण्यासाठी प्रोसेसरला सेकंदाला ५२४ वेळा ध्वनिवर्धकाची पातळी बदलावी लागते. तो सूर चालू असेपर्यंत बेसिक भाषेतील आज्ञावली थांबून राहते.

बीबीसी मायक्रोमध्ये एसएन ७६४८९ ही ध्वनिचिप तीन स्वर व एक खरखर असे चार प्रवाह निर्माण करते. एकदा स्वर सांगितला की पुढील आज्ञा येईपर्यंत चिप तो धरून ठेवते. स्वरांची रांग लावणे व त्यांची चढ-उतार सांभाळणे ही कामे संगणकाची मूळ प्रणाली सेकंदाला १०० वेळा येणाऱ्या व्यत्यय-संकेतावर करते. फ्लॉपीचा संकेत याहून वरच्या प्राधान्याचा असल्याने वाचन चालू असताना स्वर बदलण्यास क्षणभर उशीर होऊ शकतो. स्वर मात्र तुटत नाही.

दोन कामांची स्पर्धा

स्पेक्ट्रम कॅसेट वाचत असताना इतर व्यत्यय-संकेत बंद ठेवतो, कारण काळमोजणीत पडलेला लहानसा खंडही अंक चुकवू शकतो. याच कारणाने १६,३८४ ते ३२,७६७ या पत्त्यांवरील स्मृतीत वाचनाची आज्ञावली ठेवता येत नाही. तेथे चित्र दाखवणारी चिप प्रोसेसरला मधूनमधून थांबवते व मोजणी बिघडते.

अटारी ४०० व ८०० या १९७९ च्या संगणकांत पोकी ही एकच चिप ध्वनी आणि फ्लॉपीशी होणारी देवघेव अशी दोन्ही कामे करी. चारपैकी दोन ध्वनिप्रवाह विदेचा वेग ठरवण्यात गुंतत. त्यामुळे फ्लॉपी वाचताना ध्वनिवर्धकातून ठेका ऐकू येई.

या स्पर्धेवरील स्थायी उपाय म्हणजे थेट स्मृतिप्रवेश. या पद्धतीत चिप प्रोसेसरला न विचारता स्मृतीतून विदा घेते किंवा तेथे ठेवते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये फ्लॉपीसाठी ही सोय होती. १९८५ च्या कमोडोर अमिगामध्ये पॉला या चिपने चार ध्वनिप्रवाह व फ्लॉपी या दोन्हींसाठी ती वापरली. त्यामुळे आज्ञावली फ्लॉपीवरून येत असतानाच संगीत वाजवणे सहजसाध्य झाले.

जतन

दमट हवेत कॅसेट व फ्लॉपी यांवर बुरशी धरते, तसेच त्यांवरील चुंबकीय थर कालांतराने सुटू लागतो. वर्गात किंवा घरी तयार केलेल्या आज्ञावलीची बहुधा एकच प्रत असते. ती निरुपयोगी समजून टाकली गेली, तर त्या काळातील संगणकशिक्षणाचा तेवढा पुरावा कायमचा नष्ट होतो.

कॅसेटवरील विदा हा आवाजच असल्याने तिचे जतन करण्यास मूळ संगणकाची गरज नसते. साध्या टेपरेकॉर्डरवरून ती आजच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करता येते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतल्यास स्पेक्ट्रमच्या सर्वांत आखूड विदास्पंदालाही दहा नमुने मिळतात व तो ओळखता येतो. मुद्रण असंकोचित स्वरूपात ठेवणे इष्ट असते. एमपी३ सारख्या संकोचनात कानाला न जाणवणारे बदल होतात. मात्र स्पंदांच्या कडा त्यामुळे सरकू शकतात. जीर्ण टेप वारंवार वाजवल्यास तिची झीज होते, म्हणून पहिल्याच वेळी संपूर्ण मुद्रण करून त्रुटींची दुरुस्ती त्या प्रतीवर केली जाते.

फ्लॉपीच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे. बाजारातील बाह्य फ्लॉपीयंत्रे साडेतीन इंची चकत्यांसाठीच असतात, तर बीबीसी मायक्रोच्या चकत्या प्रायः सव्वापाच इंची असून त्यांवरील नोंदीची पद्धतही वेगळी असते. अशा वेळी चकतीवरील प्रत्येक चुंबकीय बदलाची वेळ टिपणारी उपकरणे वापरली जातात. या दोन्ही प्रकारांत तत्त्व एकच आहे: अंक नंतर वाचता येतात, परंतु त्यांच्यामधील काळाचे अंतर जसेच्या तसे टिपले गेले पाहिजे.

हे सुद्धा पहा

झेडएक्स स्पेक्ट्रम
बीबीसी मायक्रो
फ्लॉपी डिस्क
कॉम्पॅक्ट कॅसेट
थेट स्मृतिप्रवेश